जाळीची दुमड

माझ्या जावेच्या कोंबड्या माझ्यापेक्षा सुखात राहतात, हे मला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळलं. ही खिडकी म्हणजे एक प्रकरणच आहे. तिचं बिजागर मोडलंय, ती दोरीनं बांधून ठेवावी लागते, आणि दोरी सोडली की ती नेमकी धाकटीच्या अंगणावर उघडते. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. मागची अंगणंही दोन, मधे कमरेएवढी भिंत. अलीकडे मी, बायकांचे कपडे शिवणारी. पलीकडे माझी धाकटी जाऊ, दवाखान्यात सकाळपाळीची नर्स. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, ट्रक चालवतो. तो घरी आला की पाहुणा आल्यासारखा वाटतो. आमचे हे वेल्डर. ते रोज घरी असतात, आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

त्या सकाळी दोरी सोडून मी खिडकी ढकलली, तर आमचे वेल्डर धाकटीच्या अंगणात गुडघे टेकून बसलेले. पुढ्यात लोखंडी सांगाडा उभा. चांगला पुरुषभर उंच, चारी बाजूंनी बारीक चौकोनांची जाळी, घारीनं झडप घालू नये म्हणून वरूनही जाळी. दाराला एक सोडून दोन कड्या. आत कोंबड्यांना बसायला आडवी काठी, उन्हासाठी एका कोपऱ्यावर पत्रा, लोळायला राखमातीचा ढीग. शेजारी धाकटी उभी, हातात चहाचा कप. कप आमच्या वेल्डरसाठी होता. आमच्या घरी चहा झाला की ते स्वतः उठून ओतून घेतात.

"भाऊजी, दार इकडून उघडेल ना?" धाकटी विचारत होती.

"तू म्हणशील तिकडून," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला एक बिजागर बसवायला वर्षभर सवड झाली नाही, तो भावाच्या बायकोच्या कोंबड्यांना विचारून दाराची दिशा ठरवत होता. नीट समजून घ्या, मला काही भलतीसलती शंका नव्हती. धाकटी सरळ आहे, आणि आमच्या वेल्डरना भलतंसलतं सुचायला आधी काहीतरी सुचावं लागेल. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की या माणसाच्या मनात कुणाचं काम आधी येतं. माझं, की जगातल्या इतर कुणाचंही?

तुम्ही म्हणाल, तू मागितलं होतंस का? नव्हतं. मी मागत नाही. मागून मिळालेल्या गोष्टीत काय राम? समोरच्याला आपणहून कळावं, असं मला वाटतं. धाकटीचं तसं नाही. तिला काही हवं असलं की ती भिंतीवर कोपरं टेकते आणि सरळ सांगते, "भाऊजी, एवढं करून द्या ना." आणि भाऊजी करून देतात.

तशी यांनी एकदा गोष्ट काढली होती, नाही असं नाही. माझ्या चार कोंबड्या दिवसभर खुराड्यात असत. खुराडं म्हणजे जुन्या कपाटाचा खालचा कप्पा. मोकळ्या सोडाव्यात तर वरून घार आणि खालून मुंगूस, दोघांनाही आमच्या अंगणाची चटक लागलेली. कोंडून कोंडून त्या चिडक्या झाल्या होत्या. एकमेकींची पिसं उपटत. तांबडीची पाठ तर पार उघडी पडली होती. एकदा संध्याकाळी हे टेप घेऊन धुण्याच्या दगडाभोवती घुटमळताना दिसले. मला वाटलं, नळ कुठं गळतोय ते बघताहेत. त्यानंतर काही दिवसांनी जेवताना म्हणाले, "कोंबड्यांना हिंडायला जाळीचं अंगण करावं म्हणतो."

नेमकं त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं एकच बाही मला पुन्हा पुन्हा उसवायला लावली होती. मी म्हटलं, "आधी खिडकीचं बिजागर बसवा, मग कोंबड्यांची अंगणं बांधा. तुमच्या लोखंडाचा एक तुकडा माझ्या अंगणात यायला नको."

ते खाली मान घालून जेवले. आमचे वेल्डर मूग गिळून बसण्यात पटाईत आहेत. विषय संपला असं मी धरलं, आणि मग तो महाल उभा राहिला, पण भिंतीच्या पलीकडे.

बरं, काम तरी कसं? इथं मला आमच्या वेल्डरची एक खोड सांगायला हवी. कुठलंही नवीन काम घेतलं की त्यांचा पहिला नग ओबडधोबड होतो. जोड फुगलेले, कुठं लोखंडाचा थेंब तसाच गोठलेला. हात बसला की पुढचा नग लोण्यासारखा. एखाद्या घराच्या सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या यांनी केल्या असतील, तर पहिली कुठली ते मी रस्त्यावरून सांगते. आणि धाकटीचा सांगाडा? ती कामावर गेल्यावर मी भिंतीवरून वाकून एकेका जोडावरून बोट फिरवलं. कुठं खरखर म्हणून नाही. पहिल्याच फटक्यात यांचा हात इतका साफ कधीच कुणासाठी चालला नव्हता. माझ्या कपाटाची चौकट आजही बांगड्यांना अडकते. जिथं जीव असतो तिथंच माणसाचा हात असा चालतो, असं माझ्या मनात आलं, आणि दिवसभर मशीनवर माझी शिवण वाकडी गेली.

एकच गोष्ट मला हास्यास्पद वाटली, आणि तिनं मला जरा धीर दिला. खालची जाळी जमिनीला टेकल्यावर यांनी ती कापली नव्हती. हातभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर तशीच पसरून वर विटा ठेवल्या होत्या. झग्याखालून परकर लोंबावा तसं ते दिसत होतं. एवढा महाल बांधला आणि खालची कड दुमडता आली नाही. मी धाकटीला म्हटलंही, "खाली परकर दिसतोय गं तुझ्या महालाचा." ती खळखळून हसली. तिला टोमणे लागतच नाहीत, हा तिच्यातला आणखी एक दोष.

तिच्या कोंबड्या मात्र दिवसागणिक तकतकीत होऊ लागल्या. दुपारी ती दवाखान्यातून आली की दोन्ही कड्या काढून आत जाऊन बसायची, आणि त्या तिच्याभोवती माती उकरत हिंडायच्या. भिंतीवरून मला हाक मारायची, "ताई, तुमच्याही सोडा ना इथं. जागा पुष्कळ आहे."

"आमच्या आमच्या घरी बऱ्या आहेत," मी म्हणायची.

त्या बऱ्या नव्हत्या. विशेषतः ठिपकी. ठिपकी अंड्यातून बाहेर आली तेव्हा बाकीची पिल्लं दगावली होती, म्हणून मी तिला माझ्या चिंध्यांच्या टोपलीत, दिव्याच्या उबेला वाढवलं. मशीन सुरू झालं की ती माझ्या पायाशी येऊन झोपायची. एकदा तिनं टिचबटण गिळलं तेव्हा मी दिवसभर तिच्या मागे मागे फिरले. अशी ही ठिपकी आता खुराड्याच्या फटीला डोळा लावून पलीकडच्या कोंबड्यांकडे बघत बसायची. मीही खिडकीतून तेच बघत असायची, पण माझं वेगळं होतं.

शेवटी मी ठरवलं, लोखंड नको आणि वेल्डरही नको. मापं घेणं आणि जोडणं हाच माझा धंदा. खेळाच्या सामानाच्या दुकानातून नायलॉनची जाळी आणली, बांबू आणले. जाळीचे पन्हे मशीनवर दुहेरी शिवणीनं जोडले. वरचं छत असं बेतलं की एक सुरकुती दिसू नये. दाराला गोट लावला, वर बटणपट्टी. आणि खालची कड चार बोटं आत दुमडून, सरळ रेषेत, खिळ्यांनी जमिनीत पक्की केली. परकर नाही, दोरा नाही, काही नाही. शिवणकाम म्हणजे काय ते बघावं माणसानं.

हे कामावरून आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "खालची दुमड बाहेर काढ."

"का? धाकटीची बाहेर आहे म्हणून?"

"मुंगूस बाहेरून उकरतं. जाळीच्या मुळाशी येतं आणि तिथंच पंजा घालतं. तिथं जाळी पसरलेली असली की त्याला उकरता येत नाही. आणि नायलॉन कुरतडलं जातं."

एवढं लांब ते माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की धाकटीचं बरोबर आणि माझं चूक. मी म्हटलं, "दुमड आतच असते. जन्म गेला माझा दुमडी घालण्यात. तुम्ही तुमचं लोखंड बघा."

ते आत गेले आणि स्वतः उठून चहा ओतून घेतला.

माझ्या चौघी त्या जाळीत पहिल्यांदा सुटल्या तेव्हा काळी इतकी बावरली की एका जागी उभीच राहिली. मग तिनं पंख पसरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. गिऱ्हाइकं मागच्या दारातून डोकावून तारीफ करायला लागली. धाकटीही म्हणाली, "ताई, किती सुंदर शिवलंय हो. माझं याच्यापुढं काहीच नाही." हे ऐकायला मी किती दिवस थांबले होते. पण ती ते इतक्या सहज बोलली की मला त्यात काही चव लागली नाही. आणि ठिपकी माझ्या सुंदर जाळीच्या भिंतीकडच्या टोकाला जाऊन उभी राहायची, तोंड पलीकडे करून. दाणे टाकले की यायची, खायची, आणि परत जायची. कोंबडीसुद्धा, मी म्हटलं. कोंबडीसुद्धा तिचीच.

मग ती दुपार आली. एका जाड्या बाईंचं माप घ्यायचं चाललं होतं. बाई दम रोखून उभ्या होत्या, माझ्या दातात टाचण्या. त्यांनीच विचारलं, "मागं कोंबड्या ओरडताहेत का हो?"

मी कान दिला. ओरडत होत्या, जीव तोडून.

"शेजारच्या असतील," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. महालाला कुठंतरी भोक पडलं म्हणायचं. दोन कड्या असून घुसलं काहीतरी. मी बाईंच्या खांद्यावरची टाचणी काढून पुन्हा लावली, जरा जास्तच नीट. घाई म्हणून केली नाही.

"ताई!" धाकटीची हाक आली, आणि ती आमच्या अंगणातून आली.

मी धावले. माझ्या सरळ रेषेखाली, बाहेरून, एक छोटासा खड्डा होता, माझी मूठ जाईल एवढा. आत दुमडलेली कड वर उचलली गेली होती आणि खिळे मातीसकट बाहेर आले होते. काळी पडली होती, मान वाकडी. तांबडी आणि चौथी माझ्या मशीनवर शिवलेल्या छतावर आदळत होत्या. मुंगूस केव्हाच पळालं होतं. धाकटी भिंत ओलांडून आली होती, तिचा गुडघा खरचटला होता, आणि ती मातीत फतकल मारून बसली होती. तिच्या मांडीवर ठिपकी. पंखाखाली फाटलेलं, आणि त्यावर धाकटीनं आपल्या पांढऱ्या गणवेशाची किनार दाबून धरलेली.

"वाचेल," धाकटी म्हणाली. "खोल नाही. तुम्ही फक्त पाणी आणा, ताई."

मी पाणी आणलं. ठिपकी डोळे मिटून घेत होती. मरायला टेकली म्हणून नाही, तर बरं वाटत होतं म्हणून. मला कळतं तिचं. मी किती धास्तावले होते ते माझं मला माहीत, पण मनात पहिली आली ती धास्ती नव्हे. माझ्या मांडीवर ही अशी कधी बसली नाही, हे आलं. काळी समोर मरून पडली होती आणि माझ्या पोटात दुखत होतं ते हे. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो, ते मला त्या दुपारी समजलं.

"दुमड बाहेर हवी होती," मी म्हटलं.

"भाऊजी बोलले नव्हते का?"

"बोलले होते."

धाकटी ठिपकीला घेऊन उठली. तिघींना तिनं आपल्या जाळीत नेलं. संध्याकाळी अंधारून यायला लागलं तसं मी भिंतीपाशी उभी राहिले. कोंबडी आपल्या खुराड्याकडे वळते म्हणतात. तांबडी आणि चौथी धाकटीच्या कोंबड्यांमागून तिच्या काठीवर चढल्या, आणि जखमी ठिपकी खाली राखेत, तिच्या पत्र्याखाली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. आणायच्या तरी कुठं होत्या? त्या खड्ड्याजवळ?

दुसऱ्या दिवशी मी यांच्या दुकानात गेले. मी तिथं जात नाही. ठिणग्यांनी कपड्यांना भोकं पडतात. शटर अर्धं वर होतं. हे चष्मा लावून कुठल्याशा फाटकाचा जोड करत होते. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. काय झालं, असा चेहरा.

आयुष्यात असलं वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. "मलाही एक जाळी करून द्या," मी म्हटलं. "लोखंडाची. दुमड बाहेर."

ते उठले. मागच्या भिंतीला काहीतरी टेकवून ठेवलं होतं, त्यावर बारदानं टाकलेली. त्यांनी बारदानं ओढली.

चार बाजू, छत, दार. जाळी मारून, रंग लावून तयार. रंगावर धूळ बसून तो करडा झालेला. एका बाजूला खालच्या पट्टीला चौकोनी खाच होती. मी तिच्याकडे बघत राहिले. ती कशासाठी ते कळायला मला वेळ लागला नाही, कारण त्या मापाचा दगड रोज सकाळी माझ्या पुढ्यात असतो. माझा धुण्याचा दगड. ही जाळी माझ्या अंगणाशिवाय जगात कुठंच बसली नसती.

"हे कधी केलंत?"

"झाले बरेच दिवस."

"धाकटीच्या आधी की नंतर?"

"त्याचं काय आता," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

या माणसाकडून उत्तर काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. मी विचारणं सोडलं आणि एका जोडावर बोट ठेवलं. फुगलेला. दुसऱ्यावर ठेवलं. लोखंडाचा थेंब, तसाच गोठलेला. तिसरा वाकडा. दाराच्या कडीपाशी तर हात अडकला. इतकं ओबडधोबड काम यांनी गेल्या कित्येक दिवसांत केलं नसेल. पहिला नग. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही.

"बोलला का नाहीत मग?"

"तू म्हणालीस, लोखंडाचा तुकडा अंगणात नको."

मला काळी आठवली, वाकड्या मानेची. ही जाळी इथं धूळ खात असताना ती माझ्या सुरेख दुमडीमागे मेली होती. डोळे भरून आले म्हणून मी तोंड वळवलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"जोड किती खरखरीत आहेत," मी म्हटलं. "हात फाटेल कुणाचा."

त्यांनी घासायचं मशीन उचललं. "घासून देतो."

"नको," मी म्हटलं. "राहू द्या तसेच. आज संध्याकाळी बसवून द्या. आणि खिडकीचं बिजागर?"

"ते राहिलं," ते म्हणाले.

संध्याकाळी जाळी बसली. खाच दगडाला इतकी बरोबर लागली की मधून मुंगी जाईना. खाली हातभर जाळी बाहेर पसरली, वर विटा. चहा मी केला आणि कप स्वतः नेऊन दिला. कप घेताना त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा कपाकडे बघितलं.

धाकटी ठिपकीला दोन्ही हातांत धरून भिंतीपाशी आली आणि मी तिला माझ्या हातांत घेतलं. ठिपकीनं जरा कुरकुर केली, मग गप्प बसली. धाकटी भिंतीवरून नव्या जाळीकडे ओणवी झाली आणि जोडांवरून बोट फिरवायला लागली, अगदी मी फिरवलं होतं तसं. कुणी बोलू नये तेवढं सरळ बोलायची तिची सवय.

"ताई, तुमचं जरा खडबडीत झालंय, नाही? माझं बघा किती साफ आलंय."

"हो," मी म्हटलं. "तुझं नंतर झालं ना."